न्हाणीघरातील बेसिनचा दगडी ओटा काढून नवा बसवणे : भिंतीच्या टाइल्स न फोडता हे शक्य आहे का?

कर्वेनगरी

नमस्कार. पुण्यातील आमची सदनिका १९९४ साली पूर्ण झालेल्या इमारतीत आहे आणि न्हाणीघरातील बेसिनचा ओटा तेव्हापासूनचाच आहे. ओटा पांढऱ्या संगमरवराचा, साधारण ४ फूट लांब आणि २२ इंच रुंद असून तो मागे आणि दोन्ही कडांना भिंतीत शिरलेला आहे. बेसिन दगडाला खालच्या बाजूने चिकटवलेले आहे. सोसायटीत पालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचेही पाणी येते, त्याचे पांढरे डाग दगडावर बसतात, आणि ते काढण्यासाठी वर्षानुवर्षे ॲसिड असलेली द्रावणे वापरली गेली. परिणामी झिलई पूर्ण गेली आहे, बेसिनच्या कडेला बोटाला जाणवतील असे खड्डे पडले आहेत, आणि नळाच्या भोकापासून पुढच्या कडेपर्यंत एक तडा गेला आहे. तो तडा आता खालच्या बाजूनेही दिसू लागला आहे.

माझी खरी अडचण टाइल्सची आहे. भिंतीला लावलेल्या फिकट हिरव्या टाइल्स अजून उत्तम स्थितीत आहेत आणि त्या नमुन्याच्या टाइल्स आज कोठेही मिळत नाहीत. एका मिस्त्रींनी सांगितले की दगड बाहेर ओढावा लागेल आणि टाइल्सच्या किमान दोन ओळी जातील. दुसरे मिस्त्री म्हणाले की मशिनने कापून काढू, टाइलला धक्का लागणार नाही. पण कसे, ते त्यांना समजावून सांगता आले नाही. शिवाय माझी आई बेसिनपाशी उभी राहताना ओट्यावर दोन्ही हात टेकून भार देते, त्यामुळे नवा ओटा भक्कम असणे आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्यांनी असे काम केले आहे किंवा करवून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

विटामाती

मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे पाहतो. तुमच्या दोन्ही मिस्त्रींचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते, कारण उत्तर दगडावर अवलंबून नाही. दगड कशाने धरून ठेवला आहे, त्यावर ते अवलंबून आहे. नवा दगड कोणता घ्यावा यावर लोक महिनाभर विचार करतात आणि जुना कसा अडकवलेला आहे हे पाहण्यासाठी पाच मिनिटे खाली वाकत नाहीत. माझ्या अनुभवात टाइल्स फुटण्याचे मुख्य कारण हेच आहे.

आपल्याकडे त्या काळी पद्धत अशी होती की वीटकामाला खाच पाडून दगड दीड-दोन इंच आत घालायचा, सिमेंटच्या मसाल्यात पक्का करायचा आणि मग गिलावा व टाइल्स दगडाच्या वर आणून टेकवायच्या. म्हणजे टाइलची सर्वांत खालची ओळ दगडावर उभी असते. असा दगड पहारीने उचकटला तर वरची टाइल सुटणारच, कारण दगडाची आतली कड मसाल्यासकट वर उचलली जाते. याउलट काही ठिकाणी आधी पूर्ण भिंतीला टाइल्स लावून नंतर दगड नुसता टेकवलेला असतो आणि सांध्यात पांढरे सिमेंट भरलेले असते. तेथे सांधा कापला की दगड मोकळा होतो.

तुमच्याकडे यांपैकी काय आहे हे पाहण्यासाठी विजेरी घेऊन ओट्याच्या खाली पाहा. दगडाच्या खालच्या पृष्ठभागापाशी टाइल अखंड वर गेलेली दिसते, की सिमेंटचा खडबडीत मसाला दिसतो? मग वरच्या बाजूने टाइल आणि दगड यांच्या सांध्यातील भरण दोन-तीन इंच लांबीत खरवडा आणि तेथे पातळ स्टीलची पट्टी आडवी सरकवा. पट्टी टाइलच्या जाडीपेक्षा जास्त आत गेली, किंवा टाइलची खालची कड स्पष्टपणे दगडावर टेकलेली दिसली, तर दगड भिंतीत आहे असे समजावे. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो भिंतीतच असणार असे मला वाटते.

तसे असेल तर दगड बाहेर ओढायचाच नाही. भिंतीपासून साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) पुढे, तिन्ही बाजूंनी समांतर कापायचा. मधला भाग काढून घ्यायचा आणि भिंतीत गेलेली पट्टी तेथेच राहू द्यायची. ती पट्टी गेली तीस वर्षे वरच्या टाइल्सना आधार देत आहे, तो आधार काढण्याचे काहीच कारण नाही. बाहेर राहिलेला सूतभर काठ ग्राइंडरला हिऱ्याचे कण बसवलेली घासायची वाटी लावून टाइलच्या पातळीत घासता येतो. नवा दगड भिंतीत न घालता भिंतीला टेकवून, खालून स्वतंत्र आधार देऊन बसवायचा, आणि मागे व बाजूंना त्याच दगडाची तीन-चार इंच उंचीची उभी पट्टी लावायची, म्हणजे जुन्या पट्टीची कड आणि सांधा दोन्ही झाकले जातात.

येथे एक भौमितिक अडचणही आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन भिंतींच्या मध्ये असलेल्या जागेत दोन्हीकडे दीड इंच आत जाणारा दगड आता घालताच येत नाही, कारण त्याची लांबी मोकळ्या जागेपेक्षा तीन इंच जास्त असते. बांधकामाच्या वेळी भिंती उघड्या होत्या म्हणून ते जमले. आज तसाच दगड बसवायचा तर किमान एका बाजूची भिंत फोडावीच लागेल. तुमचे पहिले मिस्त्री बहुधा याच पद्धतीने विचार करत असावेत.

नळजोड

विटामाती यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी नळकामाच्या बाजूने भर घालतो, कारण दगड कापताना सगळे लक्ष दगडाकडे असते आणि नुकसान पाण्याने होते.

ओट्याखालचे दोन्ही अँगल कॉक (भिंतीतून येणारे पाणी बंद करण्याच्या छोट्या तोट्या) आदल्या दिवशीच बंद करून पाहावेत. १९९४ सालच्या इमारतीत भिंतीतील नळ बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी असतील, आणि अशा नळातून बाहेर आलेला तुकडा आतून गंजून पातळ झालेला असतो. अँगल कॉक जोर लावून फिरवला तर कधी कधी तो तुकडा भिंतीच्या आत तुटतो, आणि मग दगड राहतो बाजूला व भिंत फोडण्याची वेळ येते. म्हणून गच्चीवरच्या टाकीतून किंवा डक्टमधून तुमच्या न्हाणीघराला येणारा मुख्य व्हॉल्व्ह नक्की कोणता, तो पूर्ण बंद होतो का, हे आधी तपासा. दगड काढायच्या दिवशी नळकारागीर घरात हजर असावा, फोनवर नव्हे.

बेसिन खालून चिकटवलेले आहे हे लक्षात ठेवा. ते इपॉक्सीने आणि बहुधा दोन-तीन पकडींनी धरलेले असते. दगड कापताना जो कंप येतो त्याने जुने इपॉक्सी अचानक सुटते आणि बेसिन खाली कोसळते. आधी बॉटल ट्रॅप (बेसिनखालचे, दुर्गंधी अडवणारे पाण्याचे भांडे) सोडवा, त्यातील पाणी बादलीत काढा, भिंतीतल्या सांडपाण्याच्या नळीचे तोंड कापडाचा बोळा घालून बंद करा, म्हणजे दुर्गंधी येणार नाही आणि खडेही आत जाणार नाहीत. त्यानंतर बेसिनला खालून लाकडी टेकू द्या. जुने बेसिन वाचवून पुन्हा वापरण्याचा आग्रह मात्र धरू नये. त्याच्या काठावरचे इपॉक्सी खरवडताना काठाचे टवके उडतात, आणि तो काठ सपाट नसेल तर नव्या दगडाला नीट बसत नाही.

आणखी एक गोष्ट. हल्ली दुकानात गेलात की ओट्याच्या वर ठेवायचे वाडग्यासारखे बेसिन दाखवतात. ते दिसायला चांगले असते, पण त्याची उंची १४-१५ सेंटिमीटर असते. तुमचा ओटा आज आहे त्याच उंचीवर ठेवून त्यावर असे बेसिन बसवले तर त्याचा काठ आईंच्या छातीपाशी येईल आणि हात धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळेल. बेसिनचा काठ जमिनीपासून ८० ते ८५ सेंटिमीटरवर असावा. त्यासाठी ओटा ७० सेंटिमीटरच्या आसपास खाली आणावा लागतो, मग भिंतीतील सांडपाण्याचे तोंड तुलनेने वर राहते आणि बॉटल ट्रॅप त्याला जुळत नाही. नळही उंच मानेचा घ्यावा लागतो. टाइल्स वाचवायच्या असतील तर खालून बसणारेच बेसिन घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

अबोली_रत्नागिरी

धागा अगदी वेळेवर निघाला. आमच्या घरीही हेच काम करायचे आहे, पण आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. येथील एका कारागिराने भिंतीला लोखंडी ब्रॅकेट मारून दगड त्यावर ठेवू असे सुचवले आहे. चिऱ्यात फास्टनर (भोकात घट्ट बसवायचा बोल्ट) धरतो का? आणि जुना दगड न काढता त्यावरच नवा ग्रॅनाइट चिकटवला तर काय बिघडते, हेही कृपया कोणी सांगावे.

विटामाती

अबोलीताई, चिऱ्यावर फुगून घट्ट होणाऱ्या फास्टनरचा भरवसा धरू नका. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो, फास्टनर घट्ट करताना भोकाच्या कडा चुरतात, आणि आरंभी घट्ट वाटलेला ब्रॅकेट काही महिन्यांत हलू लागतो. नव्या इमारतींतील हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतींतही हाच अनुभव येतो. अशा भिंतींत रासायनिक अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट, चालतो, पण त्याहून साधा आणि खात्रीचा उपाय म्हणजे जमिनीवरून आधार घेणे : दोन कडांना कडप्प्याच्या उभ्या फळ्या किंवा साडेचार इंची विटांचे पाय. भार सरळ जमिनीत जातो आणि भिंतीवर विसंबून राहावे लागत नाही. एकच काळजी घ्या, पाय उभे करताना जमिनीच्या फरशीला खाच पाडू नका. खालचा जलरोधक थर एकदा कापला गेला की गळती कोठून होते ते शोधण्यात वर्ष जाते. पाय फरशीवरच टाइलच्या चिकट मसाल्यात उभे करावेत.

समुद्राच्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते आणि गंजाचे पिवळे डाग दगडातून वर झिरपतात, विशेषतः दगड पांढरा असेल तर. धातूचा आधार घ्यायचाच असेल तर स्टेनलेस स्टीलचा घ्यावा.

ज्यांच्या इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आहेत, ज्यांना सगळे मायव्हान म्हणतात, त्यांनी भिंतीला खाच पाडण्याचा विचारही करू नये. तेथे प्रत्येक भिंत इमारतीचा भार वाहते आणि तिच्यात सळ्या असतात.

दगडफूल

आमचा दगड कापण्याचा आणि पॉलिशचा कारखाना आहे. जुन्या दगडावर नवा चिकटवण्याबद्दल अबोली यांना उत्तर देते.

ते करता येते, पण तीन अटींवर. जुना दगड अखंड हवा, त्याचे पाय भक्कम हवेत, आणि वाढलेली उंची चालणार असायला हवी. १८ मिलिमीटर ग्रॅनाइट आणि चिकट मसाला मिळून ओटा जवळजवळ एक इंच वर येतो. पॉलिश केलेल्या गुळगुळीत पृष्ठभागाला मसाला धरत नाही, म्हणून जुना दगड खरबरीत करावा लागतो, म्हणजे धूळ आणि आवाज टळत नाहीतच. शिवाय पुढच्या कडेला दोन दगडांची जाडी दिसते, ती झाकण्यासाठी वेगळी पट्टी लावावी लागते. कर्वेनगरी यांच्या ओट्याला आरपार तडा आहे, तेव्हा त्यांनी हा विचार सोडून द्यावा. खालचा तडा पुढे सरकला की वरच्या दगडाला एका रेषेत आधार नाहीसा होतो.

काढण्यापूर्वी वजनाचा हिशेब करावा. ४ फूट बाय २२ इंच आणि १८ मिलिमीटर जाडीचा दगड साधारण ३३ किलो भरतो. दोन माणसे तो सहज उचलतात. पण कित्येक जुन्या ओट्यांत संगमरवराखाली कडप्पा आणि मध्ये मसाल्याचा थर असतो. दीड इंची कडप्पा असेल तर तेच वजन मसाल्यासह १३० किलोंच्या पुढे जाते. म्हणून पुढच्या पट्टीच्या मागे, खालून, नीट पाहा. दोन थर असतील तर एकाच वेळी काढण्याचा प्रयत्न करू नये. बेसिनच्या दोन्ही बाजूंना आडवे छेद देऊन तुकडे करून काढावे. बेसिनच्या भोकाच्या पुढची आणि मागची चिंचोळी पट्टी हा प्रत्येक ओट्याचा दुबळा भाग असतो, उचलताना दगड तेथेच मोडतो. नवा दगड आणतानाही तो कधीही आडवा धरू नये. काचेच्या तावदानासारखा उभाच धरावा आणि भोकाच्या बाजूने एक लाकडी पट्टी बांधावी.

आता दगडाची निवड. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड पडले की तो फेसाळतो आणि प्रत्येक वेळी थोडा विरघळतो. तुमच्या बेसिनच्या कडेचे खड्डे असेच पडले आहेत. अनेकांना ठाऊक नसते की कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचेच दगड आहेत आणि त्यांचाही ॲसिडपुढे टिकाव लागत नाही. ग्रॅनाइट मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्स्पारचा असतो, त्यावर घरगुती ॲसिडचा तसा परिणाम होत नाही आणि त्यावर सुरीचाही ओरखडा उठत नाही. बाजारात काळ्या रंगाचा प्रत्येक दगड ग्रॅनाइट म्हणून विकला जातो, म्हणून तुकडा मागून घ्या, त्याच्या मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूवर लिंबाचा रस टाका आणि थांबून पाहा. बुडबुडे आले तर तो ग्रॅनाइट नव्हे. क्षाराच्या पाण्यासाठी मी एकदम काळा दगड सुचवणार नाही, त्यावर प्रत्येक थेंबाचा पांढरा ठसा दिसतो. करडा, बारीक ठिपक्यांचा दगड घ्यावा.

मापाबद्दल आमचे आणि घरमालकांचे नेहमी वाद होतात, म्हणून आग्रहाने लिहिते. जुन्या घराच्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात. चार फुटांच्या ओट्यात मागची लांबी आणि पुढची लांबी यांत तीन-चार सूत फरक सहज निघतो. फक्त लांबी-रुंदी लिहून देऊ नका. जाड पुठ्ठ्याचा साचा भिंतींना लावून कापा, त्यावर वरची बाजू कोणती आणि पुढची कड कोणती हे लिहा, आणि साच्याबरोबर नवे बेसिन व नळही कारखान्यात आणून द्या. बेसिनच्या खोक्यातला कागदी नमुना पुष्कळदा प्रत्यक्ष बेसिनशी जुळत नाही. आम्ही साच्यापेक्षा प्रत्येक बाजूला एक सूत कमी कापतो, म्हणजे दगड आत बसवताना टाइलला घासत नाही. पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला, कडेपासून अर्ध्या इंचावर, एक बारीक खाच पाडून घ्या. ओघळणारे पाणी तेथेच थेंब होऊन गळते आणि मागे कपाटापर्यंत जात नाही. बेसिनच्या भोकाची आतली कड पॉलिश करून द्या असे आधीच सांगा, कारण खालून बसणाऱ्या बेसिनमध्ये ती कड सतत डोळ्यांसमोर असते. नळाचे भोक शक्यतो कारखान्यातच पाडून घ्या. घरी पाडलेल्या भोकापासून तडा जाण्याचे प्रमाण जास्त असते, आणि तुमच्या जुन्या ओट्याचा तडाही नळाच्या भोकापासूनच निघाला आहे.

यारा_काठी

मी मेलबर्नला राहतो. येथील पद्धत वेगळी आहे : ओटा तयार कपाटावर सिलिकॉनच्या रेघांनी चिकटवलेला असतो, त्यामुळे भिंतीकडचा सांधा धारदार पात्याने कापून, खालून पाचर सरकवत दगड सुटा करता येतो. तरीही या धाग्यावर लिहावेसे वाटले ते धुळीमुळे.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्झचे (क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये घट्ट करून केलेल्या दगडाचे) ओटे बनवणे, पुरवणे आणि बसवणे यांवर देशभर बंदी घातली. कारण एकच, तो दगड कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस हा सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार होत होता. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त असते. ग्रॅनाइटमध्ये ते बरेच कमी, पण तरीही साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असते. कापताना उडणारा सूक्ष्म कण फुप्फुसात कायमचा राहतो आणि या आजाराला उपचार नाही. आपल्याकडे गुजरातमधील खंभातच्या अकीक दगड घासणाऱ्या कारागिरांना हाच आजार अनेक पिढ्या होत आला आहे. मी भारतात येतो तेव्हा बंद न्हाणीघरात तोंडाला नुसता रुमाल बांधून कोरडा कटर चालवणारा मुलगा पाहतो आणि फार वाईट वाटते. रुमालाने तो कण अडत नाही. कृपया कामाचे बोलणे करतानाच पात्यावर पाणी सोडत कापण्याची अट घाला, एन-९५ दर्जाचा मुखवटा आणि चष्मा स्वतः विकत आणून कारागिराला द्या, आणि कोरडी धूळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्या. घरातल्या वृद्धांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत नव्हे, शक्य असल्यास दुसऱ्या घरी बसवावे.

विटामाती

अत्यंत महत्त्वाचा प्रतिसाद. त्याला एक पुरवणी जोडतो. पाणी सोडून कापायचे म्हणजे विजेचे यंत्र ओल्या जागी चालवायचे. ज्या घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण) नाही, तेथे हे काम सुरू करू नये. १९९४ सालच्या सदनिकेत तो असेलच असे नाही. वीजकारागिराकडून आधी बसवून घ्या, तो पुढेही उपयोगी पडणारच आहे. लांबवलेल्या वायरचा जोड न्हाणीघराच्या बाहेर, जमिनीपासून उंच ठेवा.

कर्वेनगरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काम पूर्ण झाले असून टाइल्सची एकही ओळ काढावी लागली नाही, म्हणून काय झाले ते क्रमाने लिहितो.

स्टीलची पट्टी सरकवून पाहिल्यावर विटामाती यांचा अंदाज खरा ठरला. दगड मागे आणि दोन्ही बाजूंना भिंतीत होता. खाली कडप्पा नव्हता, ही आमच्यासाठी मोठीच सोय झाली. सोसायटीला लेखी कळवून आवाजाच्या कामाची वेळ ठरवून घेतली आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबालाही आधी सांगितले. आई दोन दिवस बहिणीकडे राहिली.

आरसीसीबी बसवल्यावर काम दुसऱ्या मिस्त्रींनाच दिले, पण त्यांच्याबरोबर बसून कापण्याची रेष आधी टाइलवर नव्हे, दगडावर आखून घेतली. टाइल्सच्या खालच्या ओळीवर जाड चिकटपट्टी लावली. बेसिन टेकूवर घेतले, आधी पुढच्या बाजूने बेसिनच्या दोन्ही अंगांना छेद दिले, मग भिंतींच्या समांतर. कोपऱ्यांत कटरचे गोल पाते शेवटपर्यंत पोहोचत नाही, तेथे दोन इंचांचा भाग कापायचा राहतो, आणि घाईत तो भाग हातोड्याने तोडला तर धक्का नेमका कोपऱ्यातल्या टाइलला बसतो. आमच्या मिस्त्रींनी त्या ठिकाणी बारीक भोके शेजारी शेजारी पाडली आणि पातळ छिन्नीने, भिंतीपासून दूर जाणाऱ्या दिशेने, हलके ठोके देऊन तुकडा सोडवला. त्यांचे हे हातकाम मी जवळ उभे राहून पाहिले. प्रत्येक ठोक्यानंतर ते दुसऱ्या हाताचा तळवा टाइलवर ठेवून ती हलते का हे तपासत होते. उजव्या कोपऱ्यातली एक टाइल आधीपासूनच पोकळ वाजत होती, ती त्यांनी काम संपेपर्यंत लाकडी पट्टीने दाबून धरली होती.

डावीकडचा अँगल कॉक फिरेना, तेव्हा नळजोड यांचे शब्द आठवून जोर लावू दिला नाही. कारागिराने मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तो जोड उष्णता न देता, गंज सोडवणारे तेल लावून सावकाश उघडला. दोन्ही अँगल कॉक नवे घातले.

आधारासाठी तिन्ही भिंतींना स्टेनलेस स्टीलचा अँगल लावला. आमच्या भिंती पक्क्या विटांच्या आहेत, त्यामुळे फास्टनर चांगले बसले. फक्त ते सांध्यात न मारता विटेत मारण्याची काळजी घेतली. आई पुढच्या कडेवर भार देते म्हणून बेसिनच्या पुढे, कडेपासून थोडे मागे, भिंतीपासून भिंतीपर्यंत एक आडवा अँगल वाढवून घेतला. दगड ठेवण्यापूर्वी दोन माणसांनी त्या सांगाड्यावर हात टेकून पूर्ण भार देऊन पाहिला.

दगड करड्या रंगाचा ग्रॅनाइट घेतला. साचा लावून पाहिल्यावर मागची लांबी पुढच्यापेक्षा तीन सूत जास्त निघाली. केवळ टेपने माप दिले असते तर एका बाजूला बोटभर फट राहिली असती. मागे आणि बाजूंना चार इंची पट्टी लावली, त्यामुळे भिंतीत राहिलेला जुना संगमरवर मुळीच दिसत नाही.

अबोली_रत्नागिरी

फार छान आणि उपयुक्त. दगड आणि पट्टी यांच्या सांध्यात काय भरले? आमच्याकडे पांढरे सिमेंट भरतात आणि ते दोन पावसाळ्यांत काळे पडते.

दगडफूल

सांध्यात सिमेंट भरू नये, अबोली. ओटा आणि भिंत यांची हालचाल वेगवेगळी होते, सिमेंट ताठ असते, म्हणून त्याला केसासारखी फट पडते आणि तिच्यात बुरशी धरते. तेथे सिलिकॉनच हवे, आणि तेही उदासीन प्रकारचे. स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते. संगमरवराला आणि कडप्प्याला ते खाते, धातूलाही गंजवते. नळीवर उदासीन किंवा न्यूट्रल असे लिहिलेले पाहून घ्यावे, आणि बुरशीरोधक प्रकार मिळाला तर तो घ्यावा. भरण्यापूर्वी सांधा पूर्ण कोरडा हवा. दगडाच्या दोन्ही कडांना कागदी चिकटपट्टी लावून मगच भरावे, कारण फिकट, सच्छिद्र दगडात सिलिकॉनचे तेल शिरले तर कायमचा डाग राहतो. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आतपर्यंत पक्के होते, म्हणून एक पूर्ण दिवस तेथे पाणी लागू देऊ नये. बेसिनखालच्या इपॉक्सीलाही तेवढाच वेळ द्यावा आणि तोपर्यंत टेकू काढू नये.

कर्वेनगरी

आम्ही उदासीन सिलिकॉनच भरले. टेकू तिसऱ्या दिवशी काढला. ॲसिडची बाटली घरातून काढून टाकली आहे. रात्री झोपण्यापूर्वी ओटा कोरड्या फडक्याने पुसला की क्षार बसतच नाही, आणि नळाच्या बुंध्याशी थोडा बसला तर सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेले फडके काही वेळ तेथे ठेवून पुसून घेतो.

अबोली_रत्नागिरी

शेवटचा एक प्रश्न. जुना ओटा काढण्यापूर्वीच माप देऊन नवा दगड तयार ठेवता येईल का? आमच्याकडे न्हाणीघर एकच आहे, त्यामुळे बेसिन फार दिवस बंद ठेवणे कठीण आहे.

दगडफूल

दगड निवडून, पॉलिश करून आणि मोठ्या मापाचा कापून ठेवता येईल. बाहेरच्या कडा मात्र जुना काढल्यावर, साचा लावूनच कापाव्यात. जुना ओटा जागेवर असताना त्याच्या वरच्या बाजूचे माप मिळते, पण भिंतीत राहणारी पट्टी घासल्यावर ती नेमकी किती बाहेर येते हे तोपर्यंत कळत नाही. कारखान्याशी आधी वेळ ठरवून घ्या : सकाळी जुना काढायचा, दुपारपर्यंत साचा आणि बेसिन पोहोचवायचे, दुसऱ्या दिवशी दगड न्यायचा. मधल्या काळासाठी नळकारागिराकडून एका अँगल कॉकला साधा नळ लावून घ्या आणि खाली बादली ठेवा. चिऱ्याच्या भिंतीत पट्टी ठेवून कापताना कंप जास्त जाणवतो, तेव्हा कटरचा छेद एकदम खोल न घेता दोन-तीन वेळा थोडा थोडा घ्यायला सांगा.